समुद्रात अडकलेली सरकीची लव

दुसरबीडचा मुजम्मिल मुळात संशयी माणूस नव्हता. त्याचे वडील गुलाम रसूल पिंजारी तर त्याला भोळा म्हणत. वडील खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे आणि लोकांच्या अंगणात बसून कापूस पिंजून गाद्या भरायचे. पुढं बाजारात तयार गाद्या आल्या, पिंजण भिंतीला टांगली गेली, पण मुजम्मिलनं कापसाचा नाद सोडला नाही. आधी त्यानं मेहकरच्या एका जिनिंगमध्ये नोकरी केली. मग मेहकरच्या बाहेर, रस्त्याला लागून, स्वतःची एक लहानशी मिल टाकली.

त्याचा धंदा जरा वेगळा होता. जिनिंगमध्ये कापसातून रुई निघते आणि सरकी उरते. पण त्या सरकीवरही मखमलीसारखी बारीक लव चिकटून राहिलेली असते. ती यंत्रावर खरवडायची, तिच्या गाठी बांधायच्या आणि विकायच्या. बोडकी झालेली सरकी तेलवाले घेऊन जायचे. लवेचं पुढं काय होतं, असं कोणी विचारलं की मुजम्मिल हौसेनं सांगायचा, "भारी कागद होते तिचा. नोटा छापतात ना, तसा."

हे त्याला त्याच्या परदेशी गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. उंच, सडपातळ, अदबीनं बोलणारा माणूस. एकदा तो स्वतः मेहकरला येऊन गेला होता. मुजम्मिलच्या घरी जेवला, त्याच्या बायकोच्या, फलकच्या, हातच्या रश्शाचं कौतुक केलं, आणि मोबाइलवर आपल्या कागदाच्या कारखान्याची चित्रं दाखवली. मिलमधली माणसं त्याला 'कागदवाला' म्हणू लागली आणि तेच नाव पडलं.

मग तिकडं दूर, त्या कागदवाल्याच्या देशाच्या शेजारी, दोन देशांची लढाई जुंपली. आपला देश त्या लढाईत कोणाच्याच बाजूनं नव्हता. कागदवाल्याचा देशही नव्हता. मेहकरच्या बसस्टँडवर लोक टीव्हीवरचे रणगाडे बघायचे आणि चहाचा कप खाली ठेवून आपापल्या गाड्यांकडं जायचे. कागदवाल्यानं मात्र त्या वर्षी जवळपास दुप्पट माल मागवला. मुजम्मिलला आनंद झाला. त्यानं एक यंत्र वाढवलं. दुप्पट कागद कोणाला लागतोय, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

पुढच्या हंगामात कापसाचं सगळंच बिनसलं. आदल्या वर्षी कधी नव्हे तो भाव मिळाला होता, म्हणून तोच भाव पुन्हा येईल या आशेवर लोकांनी कापूस विकलाच नाही. घराघरांत छतापर्यंत कापूस भरला. माणसं ओसरीत झोपायला लागली, लेकरांच्या अंगाला खाज सुटली, दवाखान्यात त्याच्याच तक्रारी. मधेच बोंडअळीनं उरलंसुरलं पोखरलं. भाव काही येईना. अशात एका दुपारी मुंबईहून माल पाठवणाऱ्या दलालाचा मुजम्मिलला फोन आला.

"शेठ, तुमचं जहाज अडवलंय."

"कोणी अडवलं?"

"लढणाऱ्यांपैकी एकाच्या आरमारानं. खाडीच्या तोंडाशी थांबवलं आणि आपल्या बंदरात ओढत नेलं. बाकीचा माल सोडतील म्हणतात. तुमच्या गाठी नाही."

"माह्याच काऊन?"

दलालानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "ते म्हणतात, या लवेची बारूद होते."

मुजम्मिल हसला. पण फोन ठेवल्यावर त्यानं जिनिंगमधल्या एका जुन्या जाणत्याला विचारलं, आणि त्याचं हसू मावळलं. खरंच होत होती. तीच लव आम्लात भिजवली की तोफेचा गोळा उडवणारी बारूद होते. कागदही होतो, दवाखान्यातला कापूसही होतो, आणि हेही होतं.

बातमी लपायची नव्हती. मिल थांबली, तशी आजूबाजूच्या जिनिंगनं सरकी साठली म्हणून कापूस घेणं कमी केलं. दुसरबीडच्या चौकात तर गोष्ट वेगळीच झाली. मुजम्मिल मशिदीतून बाहेर पडला की बोलणं थांबायचं. त्याच्या शेताशेजारचा इंद्रभान, ज्याच्या दोन खोल्या कापसानं भरल्या होत्या, एक दिवस सरळ मिलवर आला. खाटेवर बसला नाही. उभ्यानंच बोलला.

"मुजम्मिलशेठ, लोकं म्हणून राह्यले का तुम्ही बारूद पाठोता."

"कोन म्हणते?"

"सगळेच. पोलीसपाटलालेही कोनीतरी इचारलं म्हन्ते, का ह्या मानसाचे पावने कोन, येनंजानं कुठं." इंद्रभाननं नजर वळवली. "मी नाई म्हनत. पन माह्या घरातला कापूस तुमच्या पायी अडकला का कोनाच्या पायी, हे मले समजू तं द्या."

"इंद्रभान, माहा माल कागदाले जाते."

"तुम्ही पाह्यलं?"

हा प्रश्न मुजम्मिलला पुढं आणखी एका माणसानं विचारला, पण पहिल्यांदा तो विचारला इंद्रभाननं.

मेहकरला त्याचे शाळेतले मास्तर होते, नीळकंठ सर. इतिहास शिकवायचे, आता निवृत्त होते. त्यांची मुलगी ओवी दिल्लीत परराष्ट्र खात्यात नोकरीला आहे, हे सगळ्या मेहकरला माहीत होतं. मुजम्मिल त्यांच्याकडं गेला. सरांच्या पत्नी शारदाबाईंनी पाणी दिलं आणि त्या आत न जाता दाराशीच उभ्या राहिल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"मुजम्मिल, तुले माहीत आहे का, पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी कापसालाच युद्धाचा माल ठरवलं होतं. अमेरिका तेव्हा लढाईत नव्हती. तिथले शेतकरी ओरडले, जहाजं अडकली, किती दिवस बोलणी चालली. जो लढाईत नाही त्याचा व्यापार चालू राहावा, हे सगळे तोंडानं मान्य करतात. पण माल फिरून शत्रूच्या हाती जातो का, हे पाहायचा हट्ट लढणारा सोडत नाही. मधला माणूस दोघांनाही चोर वाटतो."

"सर, मी चोर नाही."

"मी म्हटलं का?" सर म्हणाले. पण मग त्यांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात विचारलं, "खरं सांग बरं, तुले काही माहीत होतं?"

आपल्याला ज्या माणसानं शाळेत शिकवलं, त्यानं हे विचारावं, याचं मुजम्मिलला वाईट वाटलं. तो "नाही" एवढंच बोलला. सरांनी ओवीला फोन लावला. बोलणं झाल्यावर ते म्हणाले, "तुले दिल्लीले बोलावलंय. पण मुजम्मिल, पोरीची नोकरी आहे. तिच्याशी एक अक्षर खोटं बोलू नको."

दाराशी उभ्या असलेल्या शारदाबाईंनी मान हलवली. ते मान हलवणंही त्याला बोचलं.

दिल्लीत ओवीनं त्याला आपल्या कचेरीच्या बाहेरच्या खोलीत बसवलं. लहानपणी दोन वेण्या घालून फिरणारी ती पोर आता चाळिशीकडं झुकली होती. तिनं चहा मागवला, घरचं विचारलं, "काका, प्रवास बरा झाला ना?" म्हणाली. मग वही बाजूला ठेवून खुर्चीत नीट बसली.

"काका, आता मी सरांची मुलगी म्हणून विचारत नाही. तुम्ही या माणसाला कसे भेटलात? तो तुमच्याकडं आला तेव्हा आणखी कोण होतं? लढाई सुरू झाल्यावर मागणी वाढली, तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?"

तिनं एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. मुजम्मिलनं तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं. शेवटी तिनं समजावलं. आपलं खातं जहाज अडवणाऱ्या देशाशी बोलतंय. आपण कोणाच्या बाजूचे नाही, आपल्या लोकांचा साधा व्यापार अडवायचा त्यांना अधिकार नाही, हे आपलं म्हणणं. तुमच्या लवेचा गोळा आमच्याच पोरांवर पडतो, हे त्यांचं. दोघांच्या मधून वाट काढायची आहे. "आणि तुमच्यासारखे आणखी कितीतरी आहेत. कोणाचं खत अडकलंय, कोणाचं तेल. तुमच्या बाबतीत जे ठरेल ते बाकीच्यांनाही लागू होईल. म्हणून त्या देशाचा अधिकारी तुम्हाला बघायचं म्हणतो."

त्या देशाच्या वकिलातीतला अधिकारी गोरा, टक्कल पडलेला, थकलेल्या डोळ्यांचा होता. दुभाष्या मधे बसला. ओवी भिंतीकडच्या खुर्चीवर. अधिकाऱ्यानं मुजम्मिलचं पूर्ण नाव विचारलं. मग वडिलांचं. मग पुन्हा एकदा पूर्ण नाव, जणू पहिल्यांदा चुकीचं ऐकू आलं होतं. कुठल्या कुठल्या देशांत गेलात, तिथं कोणाकडं उतरलात, हज केली का, कोणाबरोबर केली.

"याचा सरकीशी काय संबंध?" मुजम्मिलनं ओवीकडं बघून विचारलं. दुभाष्यानं ते भाषांतरित केलं की नाही, कळलं नाही.

ओवी पहिल्यांदाच मधे बोलली. शांतपणे, इंग्रजीत. अधिकाऱ्यानं खांदे उडवले आणि विषय बदलला.

"तुमचा माल कुठं संपतो?"

"कागदाच्या कारखान्यात."

"तुम्ही पाहिलंय?"

"चित्रं पाह्यली."

अधिकारी हसला. वाईट हसणं नव्हतं ते. एखादं लहान पोर काही बोललं तर मोठी माणसं हसतात, तसं. मुजम्मिलला शिव्या परवडल्या असत्या.

लॉजवर परत आल्यावर त्यानं कागदवाल्याला मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. कागदवाला नेहमीसारखाच हसतमुख. काळजी करू नका, आमचंही सरकार बोलतंय, म्हणाला. मुजम्मिलनं आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, मला कारखाना दाखवा, आता, फोन घेऊन फिरा. कागदवाला फिरला. हौद दिसले, पांढरा लगदा दिसला, गुंडाळ्या दिसल्या. सगळं खरं होतं. मुजम्मिलच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं.

"माझा सगळा माल इथंच येतो?"

"हो. या वेळचा सगळा इथंच."

"आणि मागच्या वर्षीचा?"

कागदवाल्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला. चित्र हललं, छत दिसलं, मग पुन्हा त्याचा चेहरा. "मागच्या वर्षी आमच्याकडं जास्त झाला होता. थोडा एका व्यापाऱ्याला दिला."

"कोण व्यापारी? तो काय करतो लवेचं?"

"मित्रा," कागदवाला म्हणाला, "तू सरकी कोणाच्या शेतातली आहे ते विचारतोस का?"

मुजम्मिल विचारत होता. कोणत्या गावची, भिजलेली की कोरडी, अळीनं खाल्लेली की चांगली, सगळं विचारूनच घेत होता. पण ते त्यानं बोलून दाखवलं नाही. दुप्पट मागणीचा अर्थ आत्ता त्याला लागला होता, आणि तो लागल्यावर त्याला तो सभ्य माणूस आपल्या घरी जेवायला बसलेला आठवला. रश्शाचं कौतुक करतानाही तो हाच हिशेब करत होता का?

त्यानं फलकला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सांगितलं तं जहाज गेलं," मुजम्मिल म्हणाला. "वरून माहं नाव. गुलाम रसूलचा पोट्टा बारूद इकते, हेच पक्कं होईन. नाही सांगितलं तं कोनाले कळनार नाही. या वेळचा माल तं साफच आहे."

फलकच्या तोंडी दुसरबीडची घरगुती उर्दू असायची. ती म्हणाली, "तुम बोल दो. कल को कोई दूसरा बोलेगा तो हम लोगों को मुंह दिखाने की जगह नहीं रहेगी. और वो जो मरा होगा, उसकी भी माँ होगी ना."

"अन मिल?"

"मिल बंद पडी तो अब्बा की पिंजन है ना," ती म्हणाली. पण हे तिनं धीर द्यायला म्हटलंय, हे त्याला कळत होतं.

सकाळी तो ओवीच्या कचेरीत जाऊन बसला. ती आली, तसं त्यानं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. ओवीनं ऐकलं. तिला धक्का बसला नाही. तिचा चेहरा फक्त थोडा सैल झाला.

मुजम्मिलनं ते टिपलं. "तुले माहीत होतं."

"शंका होती," ओवी म्हणाली. "तुमच्या गिऱ्हाइकाच्या देशातल्या आपल्या वकिलातीनं मागच्याच महिन्यात कळवलं होतं. तुम्हाला माहीत आहे की नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं."

"म्हणून मले इथं बोलावलं. पाहाले. मी सांगतो का लपवतो."

ओवीनं समोरचे कागद सारखे केले.

"सरांनाही माहीत होतं?"

"नाही काका. बाबांना काहीच नाही. मी सांगू शकत नव्हते." मग दिल्लीची भाषा सोडून ती एकदम घरच्यासारखी बोलली, "मले वाईट वाटून राह्यलं होतं. पन इचारल्याबिगर सोडता येत नव्हतं."

मुजम्मिल रागानं बाहेर निघून जाणार होता. पण जाऊन जाणार कुठं? तो पुन्हा खुर्चीवर बसला. त्याला एवढंच कळलं की कालपासून या इमारतीत त्याच्याशी बोललेल्या प्रत्येक माणसानं, चहा आणणाऱ्यासकट, त्याला तोलून पाहिलं होतं.

पुढची बोलणी बंद दाराआड झाली. मुजम्मिल कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून राहिला. आतून कधी आवाज चढायचा, कधी हसण्याचा आवाज यायचा, आणि हसणं ऐकलं की त्याला जास्त भीती वाटायची. ओवीचे वरिष्ठ त्या देशाच्या अधिकाऱ्याला काय म्हणाले, ते तिनं त्याला नंतर सांगितलं. मागच्या वर्षीच्या मालाचं आम्ही आपणहून तुमच्यापुढं ठेवतोय. आमच्या माणसानं ते स्वतः सांगितलं. आता या वर्षीच्या मालाबद्दल आम्ही बोलतो, तेव्हा तुम्ही आमचा शब्द धरा. तो व्यापारी तुम्ही आणि कागदवाल्याचं सरकार मिळून बघून घ्या. पण साधा माल वाटेत ओढून नेऊ नका, नाहीतर उद्या तुमचा गहू आमच्या दारातून जाताना आम्हीही असंच तपासत बसू.

हे शेवटचं वाक्य अगदी हळू बोललं गेलं होतं म्हणे.

शेवटी ठरलं ते असं. जहाज सुटेल. गाठी बंदरावर उतरतील तेव्हा दोन्ही वकिलातींची माणसं हजर राहतील आणि गाठी कारखान्याच्या हौदापर्यंत जाताना डोळ्यांनी बघतील. इथून पुढं असा माल निघण्याआधी तो कुठं संपणार, ते आपली तिथली वकिलात तपासून सांगेल. तसं सांगितलेला माल समुद्रात अडवायचा नाही. खतवाल्यांना, तेलवाल्यांनाही हीच वाट मिळाली. लढाईला मात्र त्यामुळं काही झालं नाही, ती चालूच राहिली.

मुजम्मिल मेहकरला उतरला आणि घरी न जाता आधी नीळकंठ सरांकडं गेला. सर म्हणाले, "ओवी म्हणाली, तू खरं सांगितलंस." मुजम्मिल म्हणाला, "हो सर. पण तिनं नाही." शारदाबाईंनी या वेळी आत जाऊन पोहे केले, आणि मुजम्मिलनं ते खाल्ले, कारण न खाणं बरं दिसलं नसतं.

दुसरबीडला इंद्रभानला त्यानं मळ्यात गाठून सगळं सांगितलं. मागल्या सालचं पण. इंद्रभान विळा हातात घेऊन ऐकत राहिला. म्हणाला, "हे कोनाले सांगाचं का नाई?"

"सांग. लपवाचं असतं तं तुह्याजवळ काऊन आलो असतो?"

इंद्रभाननं सांगितलं, आणि गावाचे दोन तट पडले. काही जण म्हणाले, बघा, आम्ही म्हणत होतो ना. काही म्हणाले, एवढं सांगणारा माणूस खोटा कसा असेल. मिल सुरू झाली, जिनिंगनं कापूस घेणं वाढवलं, घराघरांतल्या खोल्या रिकाम्या झाल्या. भाव मनासारखा आला नाहीच. पण लेकरं घरात झोपायला लागली. अडकलेल्या गाठी पोचल्यावर कागदवाल्याशी मुजम्मिलनं व्यवहार थांबवला आणि वकिलातीनं तपासलेलं दुसरं गिऱ्हाईक धरलं. त्याचे फोन येत राहिले, गोड, आर्जवी. मुजम्मिलनं एकच उचलला, आता माल नाही एवढं सांगायला, आणि तोही फलकला विचारून.

दोन वर्षांनी, शेतातली कापसाची पऱ्हाटी उपटायच्या दिवसांत, ओवीचा फोन आला. जहाज अडवणाऱ्या त्या देशाचा एक माणूस मिल बघायला येतोय. येऊ द्यायचं नाही असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, पण आलेलं बरं. मुजम्मिल "येऊ दे" म्हणाला.

तोच टक्कल पडलेला अधिकारी आला. दुभाष्या आणला नव्हता. थोडं इंग्रजी बोलला. त्यानं यंत्रं बघितली, सरकीच्या ढिगावर हात फिरवला, बायका गाठी शिवत होत्या तिथं थोडा वेळ उभा राहिला. त्यांच्यातल्या जनकाबाईनं त्याच्याकडं बघून पदर सावरला आणि शेजारणीला विचारलं, "हा कोनाकडून हाय वो?" शेजारीण म्हणाली, "कोनाले मालूम."

फलकनं घरून डबा पाठवला होता. अधिकारी जेवला, पण जेवण कसं झालं, ते काही बोलला नाही. मुजम्मिलला ते बरं वाटलं. निघताना त्यानं वाकून चिमूटभर लव उचलली, रुमालात ठेवली आणि रुमाल खिशात घातला.

"तपासाले नेता का?" मुजम्मिलनं विचारलं.

त्याला प्रश्न कळला की नाही, कोण जाणे. त्यानं हात पुढं केला. मुजम्मिलनं तो हातात घेतला. हात कोरडा होता आणि त्याची पकड घट्ट होती. गाडी दुसरबीडच्या दिशेनं समृद्धी महामार्गाकडं वळली. त्या महिन्यातला माल कुठंही न अडता पोचला, पण त्या रुमालातल्या लवेचं पुढं काय झालं, ते मुजम्मिलला कोणी कळवलं नाही, आणि त्यानंही ओवीला विचारलं नाही.